दरी, खोरे आणि शास्त्रज्ञांची भाषा

नववीच्या वर्गात नद्यांचा पाठ चालू होता. नीरा, कऱ्हा आणि भीमा यांची खोरी फळ्यावर काढून झाली, तोच मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, सिलिकॉन व्हॅली म्हणजे सिलिकॉनचे खोरे ना? मग त्या खोऱ्यातली नदी कोणती?" वर्ग हसला. मी मात्र त्या मुलाला खाली बसविले नाही. कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी मजजवळही नव्हते. घरी येऊन पुस्तके चाळू लागलो, तेव्हा दिसून आले की 'व्हॅली' हा इंग्रजी शब्द जसा भूगोलात आहे, तसाच तो रसायनशास्त्रात, अणुशास्त्रात, विद्युत्शास्त्रात, गणितात आणि वैद्यकातही आहे; आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. उत्तर असे लांबत गेले. तेच आज या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. पालकांनीही ते वाचावे अशी विनंती आहे. कारण या उत्तराचा एक धागा आपल्या लासुर्ण्याच्या उसाच्या रानांतून जातो.

१. आपले स्वतःचे शब्द

इंग्रजीत जेथे 'व्हॅली' हा एकच शब्द आहे, तेथे मराठीत आपल्यापाशी निदान दोन शब्द आहेत. दरी म्हणजे दोन उंचवट्यांमधील खोल जागा. कड्यावर उभे राहून आपण खाली पाहतो ती दरी. खोरे म्हणजे एका नदीला ज्या ज्या भूमीचे पाणी येऊन मिळते, ती सगळी भूमी. दरीत उतरावे लागते. खोऱ्यात माणसे पिढ्यान् पिढ्या राहतात, नांगर धरतात, गावे वसवितात. दरी डोळ्यांना दिसते. खोरे मात्र एका नजरेत मावत नाही. पाणी कोठून कोठे जाते हे ठाऊक असेल तरच ते समजते.

आपल्या पूर्वजांनी ही नावे मोठ्या नेमकेपणाने वापरली. शिवकालातील सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलखाची नावे पाहा : गुंजण मावळ, हिरडस मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे. गुंजवणी नदीवरून गुंजण, वेळवंडीवरून वेळवंड, कानंदीवरून कानद. ज्या नदीचे पाणी, त्या नदीचे नाव आणि त्याच नावाने देशमुखी. मुलूख ओळखण्याची खूण नदी हीच होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजी पुस्तकात 'व्हॅली' हा शब्द आला की मराठी वाचकाने पहिला प्रश्न स्वतःस विचारावा : येथे दरी अभिप्रेत आहे की खोरे? पुष्कळदा अर्धा घोटाळा तेथेच मिटतो.

२. भूगर्भवेत्त्याची दरी

भूगर्भशास्त्राचा प्रश्न असा असतो की ही दरी कोणी घडविली? आपला दख्खनचा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. त्या काळ्या कातळात नद्यांनी आपली वाट कोरून काढली. उगमाजवळ उतार फार, म्हणून तेथे नदी खाली खाली खोदते आणि दरी अरुंद होते. भोरच्या पश्चिमेस नीरेचे रूप असे आहे. पुढे उतार कमी होतो, नदी बाजूंना पसरते, गाळ टाकते, आणि खोरे रुंद व सपाट होत जाते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील नीरा ही अशी शांत झालेली नदी आहे. अखेर इंदापूर तालुक्यातच नीरा-नरसिंहपूर येथे ती भीमेस मिळते.

प्रत्येक दरी नदीनेच खोदलेली असते असे मात्र नव्हे. हिमनदीने घासलेल्या दरीचा तळ रुंद व बाजू उभ्या असतात. कित्येक दऱ्या भूपृष्ठ खचल्याने बनतात. त्यांस खचदरी म्हणतात. नर्मदा व तापी या नद्या अशा खचलेल्या भागांतून पश्चिमेकडे वाहतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. त्या नद्यांनी आपली दरी घडविली असे म्हणण्यापेक्षा, तयार झालेल्या दरीने त्या नद्यांस वाट दिली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

३. स्थापत्यविशारदाचे खोरे

स्थापत्यशास्त्रात खोरे म्हणजे पाण्याच्या हिशेबाची वही. या खोऱ्यात पाऊस किती पडतो, त्यांतला नदीस किती मिळतो, किती अडविता येईल आणि कोणास किती द्यावयाचा, हे त्या वहीत मांडलेले असते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या संपूर्ण खोऱ्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचा कित्ता पुढे ठेवून आपल्या देशात १९४८ साली दामोदर खोरे निगम अस्तित्वात आला. महाराष्ट्रात १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कृष्णा नदी आपल्या पुणे जिल्ह्यातून वाहत नाही. तथापि नीरा भीमेस मिळते आणि भीमा पुढे कृष्णेस मिळते, म्हणून लासुर्ण्याच्या माळावर पडलेला पावसाचा थेंबही कृष्णा खोऱ्याच्या हिशेबात येतो. नदी दृष्टीस पडत नाही, पण खोरे आपलेच आहे. दरी आणि खोरे यांतील भेद याहून स्पष्ट कोठे दिसेल?

आता घरची गोष्ट. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. येथे वर्षाचा पाऊस सरासरीने वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने या तालुक्यांची दैना केली. त्यानंतर नीरेचा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला. सह्याद्रीत वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण बांधून पावसाळ्याचे पाणी साठविले. १९२८ साली तेथेच अधिक मोठे धरण पुरे झाले. म्हणजे ज्या वेळवंड खोऱ्याचे नाव आपण इतिहासात वाचतो, त्याच खोऱ्याचे पाणी आज आपल्या उसाच्या सरीत येते.

कालवा काढणारा मनुष्य उंचीचा मोठा जाणकार असतो. कालवा नदीपात्रातून नेऊन चालत नाही. तो खोऱ्याच्या वरच्या कडेने, अगदी अल्प उताराने न्यावा लागतो. तसे केले तरच कालवा आणि नदी यांच्यामधील सगळी जमीन पाण्याखाली येते. आपल्याकडे कोणासही विचारा : कालव्याच्या वरचे रान जिरायत, खालचे बागायत. ही विभागणी दुर्बिणीने व मोजपट्टीने केलेल्या उंचीच्या मोजणीतून निघाली आहे. ती मोजणी अचूक होती. तरीही काही वर्षांतच एक अनर्थ दिसू लागला.

४. खाली साचलेला खार

कालव्याखालच्या काही रानांत पीक पिवळे पडू लागले. जमीन ओली राही, पण वाफसा येईना. पाणी आटले की वर पांढरा थर दिसे. ज्या जमिनीस पाणी मिळाले म्हणून शेतकरी आनंदला, तीच जमीन पाण्याने नासली.

या दुखण्याची शास्त्रीय चिकित्सा फार जुनी आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारजमिनींचा अभ्यास केला, आणि मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० साली तो पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. त्या पुस्तिकेच्या नावातच नीरेचे खोरे आहे. आपल्या गावाभोवतीची भूमी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शास्त्रीय संशोधनाचा विषय झाली होती, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक आहे?

या रोगाचे मर्म असे आहे. कालव्यातून पाझरलेले पाणी आणि वरच्या रानास गरजेहून अधिक दिलेले पाणी मातीखालच्या मुरमातून उताराने खाली सरकते. जेथे उतार संपतो, ओढ्याजवळची जमीन सपाट होते, तेथे ते थांबते व साचते. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर्षागणिक चढत जाते. ती पृष्ठभागापासून हाताच्या अंतरावर आली, की दिव्याच्या वातीतून तेल चढते त्याप्रमाणे मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते. त्यात विरघळलेला क्षार मात्र मागे राहतो. असे वर्षानुवर्षे होता होता मुळांच्या जागी खाराचे राज्य होते. कोठे जमीन खारवट होते, तर कोठे तिची घडण बिघडून ती चोपण बनते. ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी.

येथे आपल्या विषयाचे सार आहे. कालवा आखताना एक उंची मोजली होती, ती जमिनीच्या पृष्ठभागाची. अनर्थ झाला तो दुसऱ्या उंचीमुळे, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीमुळे. खोरे एकच, पण त्याच्या उंची दोन. एक डोळ्यांस दिसणारी आणि दुसरी केवळ विहिरीत डोकावून कळणारी. उपाय करावयाचा तर या दुसऱ्या उंचीवर केला पाहिजे : निचऱ्याचे चर खणणे, पाणी मोजून देणे, चोपण जमिनीस जिप्सम घालणे. पुढे १९१६ साली पुण्यात पाटबंधाऱ्यांच्या अशाच प्रश्नांसाठी एक खास शाखा सुरू झाली. तीच वाढत वाढत खडकवासल्याची जल व विद्युत संशोधन संस्था झाली. बारामती तालुक्यात माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था दुष्काळ, क्षार इत्यादी संकटांत पिके कशी तगावी याचा अभ्यास करते. रोग मात्र अद्याप हटलेला नाही. नीरेच्या कालव्याखाली आजही खारपड व चोपण रानांचे तुकडे दिसतात.

५. आलेखातील दऱ्या

आता जमिनीवरून कागदावर येऊ. शास्त्रज्ञ एखादी राशी कशी बदलते हे आलेखाने दाखवितात. राशी वाढली की रेघ चढते, घटली की उतरते. चढ-उतार आले की शिखरे आणि दऱ्या आल्याच. परंतु येथे उंची म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. दुसरेच काही तरी उंचीच्या जागी मांडलेले असते. ते काय, हे न विचारता जो वाचील तो फसेल.

रसायनशास्त्रात ती उंची म्हणजे ऊर्जा. वाटीत गोटी टाकली असता ती तळाशी जाऊन स्थिर होते; तसे पदार्थाचे अणू कमीत कमी ऊर्जेच्या स्थितीत, म्हणजे ऊर्जेच्या दरीत, स्थिर राहतात. रासायनिक क्रिया म्हणजे एका दरीतून दुसऱ्या दरीत जाणे. आणि मध्ये खिंड असते. भोरकडून महाडास जाणारा मनुष्य पाहा. महाड कोकणात, म्हणजे भोरहून पुष्कळ खाली. तरीही आधी वरंधा घाटाच्या माथ्यापर्यंत चढल्यावाचून त्यास कोकणात उतरता येत नाही. उसाचे पाचट रानात वाऱ्यावर महिनोन् महिने पडून असते आणि आपोआप पेटत नाही. पेटल्यास त्याची ऊर्जा पुष्कळ खाली उतरते हे खरे, परंतु मधली खिंड चढण्यास ठिणगी लागते. उत्प्रेरक म्हणजे जवळची, कमी उंचीची खिंड दाखविणारा वाटाड्या.

अणुशास्त्रात 'स्थैर्याची दरी' प्रसिद्ध आहे. एका बाजूस प्रोटॉनांची संख्या मांडावी, दुसऱ्या बाजूस न्यूट्रॉनांची, आणि उंचीच्या जागी अणुकेंद्राची ऊर्जा. मग जगातील सुमारे अडीचशे स्थिर अणुकेंद्रे एका लांब, वळत जाणाऱ्या दरीच्या तळाशी ओळीने दिसतात. आरंभी ही दरी सरळ जाते; नेहमीच्या कार्बनात सहा प्रोटॉन आणि सहाच न्यूट्रॉन असतात. जड मूलद्रव्यांकडे ती न्यूट्रॉनांच्या बाजूस वळते. शिशाच्या एका स्थिर केंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन आहेत. दरीच्या उतारावर असलेली केंद्रके अस्थिर असतात आणि किरणोत्सर्ग करून तळाकडे घसरतात. कर्करोगाच्या उपचारांत दीर्घकाळ वापरला गेलेला कोबाल्ट-६० असाच उतारावरचा प्रवासी आहे. त्याचा एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो, तो निकेल-६० होतो, आणि निकेल-६० दरीच्या तळाशी स्वस्थ बसतो. त्या घसरणीत बाहेर पडणारी किरणेच रोग्याच्या उपयोगी येतात.

आता सिलिकॉनकडे वळू. त्या मुलाचा प्रश्न होता सिलिकॉनच्या खोऱ्याचा. आणि गंमत अशी की सिलिकॉनच्या पोटात खरोखरच दऱ्या आहेत, आणि त्या सहा आहेत! स्फटिकातून फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा त्याच्या संवेगाप्रमाणे बदलते. हा संबंध आलेखाने मांडला असता काही ठिकाणी ऊर्जा सर्वांत कमी असते. त्या स्थानांस अर्धवाहकांच्या शास्त्रात 'दऱ्या' म्हणतात. या दऱ्यांत कोणासही उतरता येणार नाही, कारण त्या जागेत नाहीत. त्या संवेगाच्या नकाशावर आहेत.

म्हणून त्या काल्पनिक आहेत असे मात्र समजू नये. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या पदार्थात एक खोल दरी आहे आणि तिच्या भोवती किंचित उंचावर आणखी दऱ्या आहेत. खोल दरीतील इलेक्ट्रॉन चपळ असतात, उंच दऱ्यांतील जड व संथ. विद्युत्दाब वाढवीत गेले की चपळ इलेक्ट्रॉन उंच दऱ्यांत ढकलले जाऊन मंदावतात. त्यामुळे दाब वाढत असूनही काही मर्यादेत प्रवाह उलट घटतो आणि यंत्रात अतिजलद कंपने उत्पन्न होतात. जे. बी. गन यांना ही कंपने प्रयोगात आढळली. रस्त्यावर मोटारींचा वेग मोजणाऱ्या यंत्रांत या तत्त्वाचा उपयोग झाला आहे. अलीकडे तर इलेक्ट्रॉन कोणत्या दरीत आहे यावरूनच माहिती साठविता येईल काय, याचा शोध चालू आहे. त्या विद्येस 'व्हॅलीट्रॉनिक्स' असे नाव पडले आहे.

गणिताची दरी आणखी निराळी. तेथे उंची म्हणजे चूक. संगणकास अक्षर ओळखावयास शिकविताना त्याची चूक किती होते हे मोजतात आणि ती चूक पायरी-पायरीने उतरवितात. दाट धुक्यात डोंगर उतरणारा मनुष्य पुढचे काही दिसत नसता पायाने उतार चाचपीत खाली येतो, तशी ही रीत आहे. तिचे मूळ कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८४७ साली मांडले. यात एक धोका आहे. उतरणाऱ्यास एखादा उथळ खळगा लागला तर तोच दरीचा तळ असे त्यास वाटते, आणि तो तेथेच थांबतो. अभ्यासातही असे होते. पहिले जे उत्तर बरे वाटले त्यावर संतुष्ट होणारा विद्यार्थी खळग्यात बसलेला असतो.

६. ओलांडावयाच्या दऱ्या

आतापर्यंतच्या आलेखांत तळाशी जाणे हितकारक होते. दुसऱ्या काही दऱ्या अशा आहेत की त्यांत अडकणे हेच संकट.

१९७० साली मासाहिरो मोरी या जपानी यंत्रशास्त्रज्ञाने एक विचार मांडला. यंत्रमानव जसजसा माणसासारखा दिसू लागतो तसतशी त्याजविषयी आपली आपुलकी वाढते. परंतु तो जवळजवळ माणूसच दिसू लागला आणि तरी काही तरी उणे राहिले, की आपुलकी एकदम ढासळून भय वाटते. आपल्या जत्रेतील कळसूत्री बाहुली मुलांस आवडते. तीच जर हुबेहूब माणसासारखी असून तिची नजर मात्र निर्जीव असेल, तर मुले घाबरतील. आलेखातील या घसरणीस मोरी यांनी दरीच म्हटले. येथे उंची म्हणजे आपुलकी. या दरीचा तळ कोणत्याही यंत्रकारास नको असतो.

संशोधनाच्या व्यवहारात 'मृत्यूची दरी' असाही एक शब्दप्रयोग आहे. प्रयोगशाळेत शोध लागला, तेथवर विद्यापीठाचा किंवा सरकारचा पैसा होता. शोध लोकांच्या हाती वस्तुरूपाने पोहोचला की पुढे व्यापाराचा पैसा येतो. मधल्या काळात कोणीच नसते, आणि पुष्कळ चांगले शोध तेथेच मरतात. या दरीत उंचीच्या जागी पाठबळ मांडलेले आहे. याचे उदाहरण शोधण्यास दूर कशास जावे? नीरा खोऱ्यातील खाराचे निदान १९१० साली छापून झाले. परंतु निदान छापणे निराळे आणि शेताशेतांतून चर खणले जाणे निराळे. चर माझ्या रानातून गेला तर शेजाऱ्याच्या रानातूनही जावा लागतो. खर्च कोणी करावा, बांध कोणी फोडावा, यावर वर्षे जातात. पुस्तिका आणि बांध यांच्यामध्ये जी दरी आहे, ती ओलांडण्यास शास्त्राबरोबर शेजारधर्म लागतो.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास या शब्दप्रयोगावरून तेविसाव्या स्तोत्राचे स्मरण होईल. त्या स्तोत्रातील भक्त मृत्युच्छायेच्या दरीत वस्ती करीत नाही. मेंढपाळाच्या सोबतीने तीतून चालत पार जातो. संशोधकासही हाच मार्ग आहे. ही दरी कोणी एकट्याने ओलांडीत नाही.

७. नुसती नावे

शेवटी असे काही शब्द आहेत की ज्यांत दरी केवळ नावापुरती आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतातील सान होआकिन खोऱ्यावरून एका आजारास 'व्हॅली फीव्हर' म्हणतात. तो तेथील मातीत वाढणाऱ्या बुरशीचे कण धुळीबरोबर छातीत गेल्याने होतो. 'रिफ्ट व्हॅली फीव्हर' हा जनावरांचा व माणसांचा निराळाच आजार. तो विषाणूने होतो, डासांनी पसरतो, आणि केनियातील खचदरीत प्रथम ओळखला गेला. २००० साली तो अरबस्तानात आणि येमेनमध्येही उद्भवला. रोगाच्या नावातली दरी आफ्रिकेतच राहिली आणि रोग समुद्र ओलांडून गेला. नावावरून रोगाचे कारण ठरविणाऱ्याची येथे पुरती फसगत होईल.

सिलिकॉन व्हॅलीचेही तसेच. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोरे हे पूर्वी जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या बागांसाठी नावाजलेले होते. तेथे सिलिकॉनचे सूक्ष्म विद्युत्भाग बनविणारे कारखाने उभे राहिले, आणि १९७१ साली डॉन होफ्लर या पत्रकाराच्या लेखमालेतून हे नवे नाव छापून प्रसिद्ध झाले. सिलिकॉनच्या पोटातील त्या सहा दऱ्यांशी या नावाचा काही संबंध नाही. खोरे मात्र खरे आहे, आणि त्यात नदीही आहे! सान होजे शहरातून वाहत जाऊन ती सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरास मिळते. तिचे नाव ग्वादलूपे. म्हणजे ज्या प्रश्नाला वर्ग हसला तो प्रश्न अगदी बरोबर होता. खोरे म्हटले की नदी असावयाची, असे त्या मुलाने धरले होते, आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. हसणाऱ्यांनी आणि शिकविणाऱ्यानेही यातून काही घ्यावे.

८. तीन प्रश्न

विद्यार्थी मित्रहो, पुढे महाविद्यालयात गेल्यावर हा शब्द तुम्हांस नाना ठिकाणी भेटेल. त्या वेळी तीन प्रश्न विचारा. पहिला, येथे उंची म्हणून काय मोजले आहे : जमीन, ऊर्जा, चूक की पाठबळ? दुसरा, तळाशी जाणे येथे हिताचे आहे की अहिताचे? तिसरा, ही खरोखर दरी आहे की केवळ गावाचे नाव? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की इंग्रजी शब्दाचे भय उरत नाही. हीच कसोटी 'क्षेत्र', 'बल', 'कार्य' अशा इतर शब्दांसही लावता येते. बाजारातले काम आणि पदार्थविज्ञानातले कार्य एक नव्हे, हे तुम्ही आठवीतच शिकला आहात.

या सुट्टीत करावयाचा एक अभ्यास सांगून लेख पुरा करतो. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या विहिरीत दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा; कालव्याची पाळी येण्यापूर्वी एकदा आणि नंतर दर आठ दिवसांनी. आकडे वहीत मांडून आलेख काढा. तो आलेख तुमच्या हातची पहिली दरी होईल, आणि तिची उंची काय, हे तुम्हांस कोणी सांगावे लागणार नाही. पाळी विहिरीच्या वरच्या बाजूस कोणाच्या रानात चालू होती, हेही जवळ लिहून ठेवा.

पालकांस एवढेच सांगणे आहे की मुलाने मांडलेला तो आलेख अवश्य पाहावा. खोऱ्यात राहणाऱ्याचे रान कोणाच्या तरी खाली असते आणि कोणाच्या तरी वर. वरच्याने ओतलेले जादा पाणी खालच्याच्या मुळाशी खार होऊन उभे राहते. शास्त्राने हे १९१० साली सांगितले. विहिरीतली दोरी ते आजही सांगेल.